चुगलखोर

गेल्या मंगळवारी संध्याकाळी करी रोड स्टेशनचा पूल चढत होतो. पुढे शाळेच्या गणवेशातली चार मुलं, आठवी-नववीतली असावीत. तिघांचे हात मोकळे आणि चौथ्याच्या अंगावर चार दप्तरं: एक पाठीवर, एक पोटावर, दोन हातांत. मधेच एकाने त्याच्या मानेवर टपली मारली. तो हसला. टपली खाऊन हसणारं पोर बघितलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. ते हसू किती दिवसांच्या सरावाने येतं, हे मी जवळून पाहिलंय.

कठड्याशी लिंबू-मिरच्या घेऊन बसलेल्या मावशींनी मान वर केली. ‘काय रे, तो काय हमाल आहे तुमचा? ज्याचं त्याने घ्या.’ आवाजही फार चढवला नाही. तिघांनी आपापली दप्तरं घेतली. एक जण पुटपुटला, ‘मस्करी चालली होती, मावशी.’ मावशी पुन्हा लिंबं पुसायला लागल्या.

दहा सेकंदही लागले नसतील.

हा दहा सेकंदांचा आकडा मी उगाच सांगत नाही. टोरांटोतल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर संशोधकांनी मुलांचं चित्रीकरण केलं होतं. त्याचे निष्कर्ष २००१ साली छापून आले. एक मूल दुसऱ्याला छळत असताना तिसरं मध्ये पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. पण मध्ये पडणारी मुलं थोडी. बाकीची बघत उभी. शाळेत चारित्र्य घडवायला निघालेल्यांनी आधी या बघत उभ्या राहिलेल्यांकडे बघावं. छळणारे दोघे-तिघे असतात, सोसणारा एक. उरलेला सगळा वर्ग इथे, भिंतीला टेकून.

आपल्या शाळांत मूल्यांचा तोटा नाही. नव्वदच्या दशकापासून परिपाठात मूल्यशिक्षण आहे. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा. माझ्या भाचीने ही दहाही मूल्यं मला एका दमात म्हणून दाखवली. ऐकता ऐकता खटकलं, की यात निर्भयता कुठेय? नखं कापलेली हवीत, घंटेच्या आधी वर्गात हवं, हे आहे. वर्गातल्या दांडगटाला ‘पुरे आता’ म्हणायला जे लागतं, त्याला यादीत जागा नाही. गांधीजींच्या एकादश व्रतांत अभय होतं. आमच्या दहांत ते आलं नाही.

उलट आपण भीती शिकवतो, आणि पहिलीपासून शिकवतो. ‘चुगली करू नये.’ ‘चुगलखोर कुठला.’ ‘आपापसात मिटवा, माझ्याकडे यायचं नाही.’ चुगली म्हणजे दुसऱ्याला मार बसावा म्हणून सांगणं. एखाद्याला बसणारा मार थांबावा म्हणून सांगणं ही वेगळी गोष्ट आहे, पण शाळेत दोन्हींना एकच शब्द आणि एकच अपमान. मोठेपणी या दुसऱ्या सांगण्याला साक्ष म्हणतात. मग कोर्टात साक्षीदार उभे राहत नाहीत म्हणून आपण हळहळतो. ते कसे उभे राहतील? दुसरीतच त्यांना खाली बसवलेलं असतं.

मलाही बसवलं होतं. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. जूनमध्ये आम्ही आठवीत गेलो तेव्हा वर्गातल्या बहुतेकांचे वडील घरी होते. काही बाकं रिकामी, कारण ती मुलं आईबरोबर गावी गेलेली. डब्यात भाकरी आणि सुकी चटणी, काहींच्या डब्यात तेही नाही. दिवाळीनंतर एका मुलाचे वडील संप मोडून पुन्हा कामावर जायला लागले. त्याच्या डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी आली.

‘फितूर.’ त्याचं नाव त्या दिवशी संपलं. हजेरीत मास्तर घ्यायचे तेवढंच. बाकावर शेजारी कुणी बसेना. वहीवर शाई. मधल्या सुट्टीत एकाने त्याचा डबा उघडून सगळ्यांना भाजी दाखवत फिरवला आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली भिरकावला. तो वर्गशिक्षकांकडे गेला. ते म्हणाले, ‘चुगल्या घेऊन येऊ नकोस.’ तेही बिचारे आमच्यातलेच, त्यांचे दोन भाऊ संपात होते.

डबा फेकणारी मुलं वाईट नव्हती. भुकेली होती, घरात रोज वडिलांचं तोंड बघत होती, आणि त्यांना मनापासून वाटत होतं की आपण एकजूट पाळतोय. एकजूट हे मूल्यच आहे. त्याचीच काठी करून आम्ही एका तेरा वर्षांच्या पोराला हाणत होतो. म्हणून मूल्यांची नुसती नावं घोकून घेणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आजही गिरण्यांच्या याच भागातल्या शाळांत उत्तर प्रदेशातून आलेल्या ड्रायव्हरचा, सुताराचा मुलगा मराठीतून शिकतो, आणि वर्गात त्याला ‘ए भैया’ म्हणून हाक जाते. हाक मारणाऱ्याला वाटतं तो मराठीचं काम करतोय. मराठीचं काम तो बाकावरचा मुलगा करतोय, मराठीत पेपर लिहून. हे त्या वर्गात मोठ्याने सांगणारा एक मास्तर हवा.

हायस्कुलात छळ थांबवणं सोपं नाही, हेही सांगतो. छळ रोखण्याच्या कार्यक्रमांवरचे कितीतरी अभ्यास एकत्र करून २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की लहान वर्गांत जे उपाय लागू पडतात ते आठवीपासून पुढे जवळजवळ निष्प्रभ होतात. फिनलंडचा ‘किवा’ कार्यक्रम बघणाऱ्या मुलांवरच भर देतो, तूर्कू विद्यापीठाने तो रचला आणि देशभर नेला. त्याचाही गुण प्राथमिक वर्गांत अधिक आला, पुढे कमी. आपल्याकडे शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचं ‘मूल्यवर्धन’ २००९ मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झालं. भाषण नाही, जोडीत आणि गटात बसून मुलांनीच बोलायचं, करायचं. पाया संविधानातल्या मूल्यांचा. चांगलं काम आहे, पण त्याची सुरुवातही पहिली ते चौथीच्या वर्गांपासून. नववीत पोचलं की मूल्यशिक्षण म्हणजे गणिताच्या जादा तासाला दिलेला तास.

चौदा वर्षांच्या पोराला उपदेश केला की तो खिडकीबाहेर बघतो. त्याला कुणी लहान समजलेलं चालत नाही. त्याच्यावर काम सोपवा, मग बघा. आणि आधी स्वतः करून दाखवा, साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात दाखवायचे तसं. मुलांची कामं स्वतः करायची, रात्री जागून ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहायचं. पोरं गुरुजींच्या सांगण्याने बदलली असतील त्याहून त्यांना बघून जास्त बदलली. आता आपल्या शिक्षकखोलीत कान द्या. ‘तो जाड्या कुठेय?’ ‘त्या ढापण्याला बोलव.’ मास्तरांनी पाडलेलं नाव पोरगं दहावीपर्यंत वाहतं, आणि वर्गाला परवानगी मिळते.

तक्रारपेटीही नावापुरतीच. पेटी भिंतीवर आहे, सरकारी नियमाप्रमाणे आहे, आणि मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, जिन्यासमोर आहे. चिठ्ठी टाकणारा अख्ख्या शाळेला दिसतो. ती मुतारीच्या वाटेवर लावा, पाण्याच्या टाकीमागे लावा. छळ तिथेच होतो. मधल्या सुट्टीत दोन शिक्षक चहाचा कप हातात घेऊन जिन्यात उभे राहू देत. त्याला ना निधी लागतो ना परिपत्रक. नववीच्या मुलांना पाचवीची दोन-दोन मुलं सोपवा, नावानिशी. आणि आठवड्यातून एक तास वर्गाला एकच प्रश्न: परवा गॅलरीत ते चाललं होतं तेव्हा तू कुठे उभा होतास? शिक्षा नाही, गुण नाहीत. उत्तर द्यायला शिकवा. ‘पुरे’ हा शब्द तोंडातून कसा काढायचा याचा सराव घ्या, कवायतीसारखा. तोंड उघडायचं धाडस नसेल त्याने मार खाणाऱ्याच्या शेजारी नुसतं जाऊन उभं राहावं. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

पालकांनो, तुम्हालाही. शाळेचा फोन आला की ‘मस्करीच केली ना, मुलं आहेत’ म्हणणं बंद करा. मस्करीत दोघे हसतात. तुमचा मुलगा हसतोय आणि दुसरा ताप आल्याचं सांगून घरी बसतोय, तर ती मस्करी नाही. आणि ज्यांचा मुलगा घरी बसतोय त्यांनी ‘तू पण एक ठेवून द्यायचीस’ हे वाक्य गिळावं. ठेवून देता आली असती तर त्याने तुम्हाला सांगितलंच नसतं. आता मार घंटेनंतरही चालू राहतो, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. त्या पोराच्या रडक्या चेहऱ्याचं स्टिकर बनतं आणि चाळीस जण त्यावर हसरे चेहरे पाठवतात. त्या चाळिसांत आपलं पोर आहे का, हे आज रात्री जेवताना विचारा.

१९८२चा तो मुलगा नाताळच्या सुट्टीनंतर शाळेत आला नाही. मला त्याचं नाव आठवतं, बाकही आठवतं, खिडकीकडून तिसरं. डबा खाली गेला त्या दुपारी तो जिना उतरून पटांगणात डबा गोळा करायला गेला होता. खालचा भाग सापडला, चेपलेला. झाकण फेकताना वरच निसटलं होतं, ते गॅलरीत घरंगळत माझ्या पायाशी आलं. तो वर आला, झाकण शोधत माझ्यासमोर थांबला. सगळे बघत होते. मी पाय जरासा मागे घेतला, त्याला वाकता यावं म्हणून.