आमची मुलं जिल्हाधिकाऱ्यांनी दिली

लेकरं ही देवाची देणगी, असं आमच्या मंडळीत प्रत्येक बाप्तिस्म्याला पाळकसाहेब सांगतात. आमची दोन्ही देवानेच दिली, यात शंका नाही. पण कागदावर सही जिल्हाधिकाऱ्यांची आहे. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. ज्या टेबलावर पाणीटंचाई आणि वाळूच्या लिलावाच्या फायली चढतात, त्याच टेबलावर माझं आईपण मंजूर झालं. तेही अर्जासोबतची सगळी कागदपत्रं साक्षांकित असल्यामुळे.

दत्तकाच्या नियमांत नवरा-बायकोच्या वयाची बेरीज करतात. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर बेरीज 85 च्या वर जाता कामा नये, चार वर्षांपर्यंत 90, आठपर्यंत 100 आणि आठ ते अठराच्या मुलासाठी 110. मिस्टर तेव्हा 54 चे, मी 49 ची. बेरीज 103. म्हणजे सरकारने आम्हाला सभ्य शब्दांत सांगितलं, की पाळणा विसरा, बोलतं-चालतं मूल न्या. बातमी कळल्यावर शेजारच्या आजी म्हणाल्या, "बेस झालं बाप्पा. लंगोट धुवाची कटकट नाई. डायरेक्ट बाजाराले धाडता येते."

तसं पाहिलं तर आमच्या समाजाला हा कागद उशिराच मिळाला. 1956 चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती जोडप्याला लागू नाही. आमच्या वाडवडिलांपैकी कुणी मूल सांभाळलं, तर 1890 च्या कायद्याखाली त्यांना फक्त 'पालक' होता येई. मूल सज्ञान झालं की कायद्याच्या लेखी नातं खलास. बाल न्याय कायदा 2000 साली आला, 2006 ची दुरुस्ती झाली, तेव्हा ही वाट सगळ्यांना मोकळी झाली. धर्म कुठलाही असो, या कायद्याखाली दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शबनम हाश्मी यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. आम्ही मात्र इतका कायदा वाचून गेलो होतो, की मुलांशी काय बोलायचं ते ठरवायचंच राहिलं.

त्याची गरज पडली नाही. मोठ्या मुलाची संमती विचारावी लागते, आणि आमच्या थोरलीने ती तरतूद पूर्ण वापरली. ती 12 वर्षांची, भाऊ 9 चा. संस्थेच्या ऑफिसात ती खुर्चीवर बसली, भाऊ मागे सचिवासारखा उभा राहिला आणि आमची मुलाखत सुरू झाली.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी. रविवारी हे."

"रात्री दिवा पूर्ण बंद करता?"

"तू म्हणशील तसं."

"मारता?"

"नाही."

"आम्हाला दोघांना वेगळं करणार?"

"नाही."

"आरमोरी कुठे आहे?"

मिस्टरांना इथे धीर आला. म्हणाले, "वडशापासून जवळ." वडसा कुठे, असं विचारल्यावर त्यांनी अभिमानाने सांगितलं, की गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्टेशन म्हणून जे काही आहे ते तेवढंच. तिने वळून भावाकडे पाहिलं. पळून जायचं झालं तर स्टेशन एकच, ही माहिती दोघांनी मनात नोंदवली असावी. मग म्हणाली, "चालेल."

आता शाळेचं. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो. धाकट्याला वयाने चौथीचा हक्क होता. वाचन मात्र जोडाक्षर दिसलं की रस्ता बदलायचं. थोरलीच्या इतक्या शाळा बदलून झाल्या होत्या, की नव्या शाळेचं नाव काढलं तरी ती पिशवी आवरायला घ्यायची. तिनेच तोडगा काढला. "आधी घर कसं आहे ते बघू. शाळा काय पळून जाते?" मी नर्सची नोकरी सोडलेली होती, मिस्टरांचं मोटार वाइंडिंगचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. तेव्हा शाळा घरातच भरवायची ठरली. मुख्याध्यापक मिस्टर, बाकी सगळा स्टाफ मी.

पहिल्याच आठवड्यात सत्तांतर झालं. धाकट्याला संस्थेत हजेरीची सवय. त्याने वहीवर रेघा मारून हजेरीपट केला आणि सकाळच्या प्रार्थनेनंतर नावं पुकारायला लागला. बहीण, स्वतः, मांजर, आणि त्यानंतर आम्ही दोघं. मांजर कायम हजर. मिस्टर एकदा दिघोरीच्या शेतकऱ्याचा पंप बघायला सकाळीच निघून गेले, तर लाल शाईने गैरहजर. संध्याकाळी त्यांच्याकडून रजेचा अर्ज लिहून घेतला, 'आपला आज्ञाधारक' सकट. अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका थोरलीने काढल्या. मराठीचा तो तास फार चांगला झाला.

मला गावात सगळे सिस्टर म्हणतात, म्हणून मुलंही सिस्टरच म्हणायची. एकदा मोरीतून "आई गं!" अशी हाक आली. हातातलं उलथणं टाकून मी धावले. पाल पडली होती. हाक माझ्यासाठी नव्हती. तरी मी त्या पालीला आठवडाभर मारू दिलं नाही.

शाळा घरी असली की तपासनीस गावभर असतात. किराणावाला पोराला सुट्या पैशांबरोबर तेराचा पाढा विचारतो. मंडळीतल्या मावशी वचन तोंडपाठ आहे का ते बघतात. आमची मंडळी चार घरांची, उपासना पाळीपाळीने प्रत्येकाच्या ओट्यावर, त्यामुळे नापास झालेलं लपत नाही. दत्तक दिल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी मुलांच्या प्रगतीचा अहवाल जातो. त्यासाठी एक ताई यायच्या. त्या आल्या की मी घर झाडून-पुसून, चादरी बदलून उभी. पहिल्या भेटीत त्यांनी धाकट्याला विचारलं, "इथे कसं वाटतं?" तो म्हणाला, "तुम्ही येता त्या दिवशी छान वाटतं. त्या दिवशी शिरा असतो."

शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठीही एक गुरुजी आले. त्यांच्या तक्त्यात मूल एकतर शाळेत होतं, नाहीतर शाळेबाहेर. आमची मुलं ओट्यावर बसून भागाकार करत होती. गुरुजी पेन हातात धरून विचारात पडले. तेवढ्यात त्यांना दिसलं, की मी बाकी चुकीच्या जागी लिहून ठेवली आहे. त्यांच्यातला शिक्षक स्वस्थ बसेना. चहा निवून गेला, गुरुजींनी भागाकार संपवला, वर अपूर्णांकही शिकवले. धाकट्याने त्यांना हजेरीपटावर घेतलं. तक्त्यात त्यांनी काय भरलं ते मी विचारलं नाही.

नातेवाइकांसाठी माझ्याकडे हुकमी पान होतं, पंडिता रमाबाई. "रमाबाई कोणत्या शाळेत गेल्या होत्या?" अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं आणि त्या लक्ष्मीबाईंनी रानातच लेकीला शिकवलं. तीच लेक 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांकडून 'पंडिता' आणि 'सरस्वती' झाली. पुढे 1883 साली ख्रिस्ती झाली, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला घेऊन आली. आपला भाग ज्यात येई तो चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच. घरची शाळा, ख्रिस्ती घर आणि मोठी झालेली परकी मुलं, तिन्ही गोष्टी एका बाईच्या आयुष्यात. हे भाषण मी नागपूरच्या नणंदेला दोनदा ऐकवलं. तिने शांतपणे विचारलं, "वहिनी, रमाबाई ठीक आहे. तुझा पोट्टा झाडावर काऊन आहे?"

तो झाडावर होता, कारण विज्ञानाचा तास चालू होता. आरमोरी रेशमाच्या कोशासाठी नावाजलेली. इथले ढिवर बांधव जंगलात ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. त्या घरात टोपलीत वाढत नाहीत. उघड्या झाडावर पाला खातात, आणि पाखरं त्यांच्यावर टपलेली असतात. म्हणून माणूस दिवसभर गुलेल घेऊन राखण करतो. आम्ही ओळखीच्या एका काकांकडे जीवनचक्र शिकायला गेलो. थोरलीने अंडी, अळी, कोष, पतंग असं चित्र काढून आणलं. धाकट्याने गुलेल आणली. परीक्षेत 'अळीचे शत्रू कोणते' या प्रश्नाला त्याने उत्तर लिहिलं नाही. प्रात्यक्षिक दाखवलं, आणि दुकानाच्या पाटीवरचा 'मो' गेला.

इतिहासासाठी वैरागड. तालुक्यातच किल्ला, खंदक, बुरूज. इथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अबुल फझलच्या ऐन-ए-अकबरीत आहे, हे मी उत्साहाच्या भरात सांगून बसले. दहा मिनिटांनी धाकटा पिशवीतून खुरपी काढून बुरुजाच्या पायथ्याशी बसलेला. ही पुरातत्त्वाची जागा, इथे खणायचं नसतं, असं सांगितल्यावर त्याने विचारलं, "अकबराला कुणी परवानगी दिली?" इतिहासाचा याहून चांगला प्रश्न मला माझ्या अख्ख्या शाळेत कुणी विचारला नव्हता.

निसर्ग अभ्यासाला आम्ही बाहेर जाणं सोडलं. 2021 साली छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात उतरला, वाघ तर आधीपासून आहेतच. धानाच्या बांधीकडे जाऊ नका, अशी दवंडी मोबाइलवर फिरली की शाळेला सुट्टी. पावसाची सुट्टी तर इथल्या मुलांना चांगलीच माहीत आहे. आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं लागली की अभ्यासक्रमच बदलतो. वडशाला नाटक मंडळ्यांची ऑफिसं, रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा थोरलीने ठरवलं, की आपलंही काम हेच. तेविसावं स्तोत्र पाठ व्हायला महिना लागलेल्या मुलीने खलनायिकेचं अडीच पानांचं भाषण एका रात्रीत उचललं. रविवारी उपासनेत वाचनाची पाळी तिची होती. ईजबेल राणी त्या ओट्यावर अशी गरजली, की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

हे सगळं हसण्यावारी गेलं तरी एक गोष्ट मी सुरुवातीला पाहिली ती सांगते. ॲटलास झाडायला काढला, तर त्यातून अर्धी पोळी पडली. वाळून कडक झालेली. मग शोधलं तर उशीच्या अभ्र्यात दुसरी, गणिताच्या पुस्तकात गुळाचा खडा, मुंग्यांसकट. धाकटा दारात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. नर्स म्हणून मी अशी मुलं पाहिली होती. पोट भरलेलं असलं तरी उद्याचा भरवसा नसतो. मी ओरडले नाही, उपदेशही केला नाही. बोहारणीकडून घेतलेला एक स्टीलचा डबा होता, त्यावर मिस्टरांनी मशीनने त्याचं नाव कोरलं. रोज रात्री त्यात दोन पोळ्या आणि गूळ, त्याच्या उशाशी. झोपायच्या आधी तो झाकण उघडून मोजायचा. जेवणाच्या प्रार्थनेची पाळी आली की देवालाही ताकीद द्यायचा, "प्रभू, आजच्या पोळ्यांबद्दल धन्यवाद, उद्याच्या लक्षात ठेव." कधीतरी डबा न उघडता झोपू लागला. मग सकाळी त्यातल्या पोळ्या आजींच्या बकरीला जाऊ लागल्या. आता बकरी आमच्या दारात वेळेवर हजर असते आणि तिचंही नाव पटावर आहे.

पाढे त्याला शेवटी दुकानाने शिकवले. मोटारीच्या कॉइलला तारेचे किती वेढे द्यायचे हे चुकलं तर पंप जळतो. मिस्टर वेढे देताना तो मोठ्याने मोजायचा, मध्ये कुणी बोललं तर हात वर करून गप्प करायचा. तेराचा पाढा कशाला लागतो, हे किराणावाल्याला सांगता आलं नव्हतं. जळालेल्या मोटारीच्या वासाने ते लगेच कळलं.

यंदा थोरली 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसते आहे. धाकटा स्वतःच्या मर्जीने गावातल्या शाळेत सहावीला जातो. पहिल्या दिवशी त्याने तिथल्या मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारलं, की सर, तुमची हजेरी कोण घेतं?

लोक मला म्हणतात, सिस्टर, केवढं पुण्याचं काम केलंत. पुण्यबिण्य काही नाही. घरात दोन माणसं वाढली आणि भांडायला माणूस मिळालं. बाळासाठी अर्ज केलेली जोडपी वर्षानुवर्षं थांबतात, आणि शाळेत जायच्या वयाची मुलं त्याच यंत्रणेत दुसऱ्या बाजूला थांबून असतात. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना सांगा. अर्ज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. कागदपत्रांच्या दोन जादा प्रती काढा, रात्री दिवा चालू ठेवून झोपायची सवय करा, आणि 'मारता का' या प्रश्नाचं उत्तर जायच्या आधी आपसात पक्कं करून ठेवा.