घाटाखालील गृहसंगणकाचे उष्णतानिवारण : शास्त्रोक्त पद्धती

बुलढाणा जिल्ह्यातील घरगुती संगणकांचे, कंपनी, किंमत आणि वय या गौण बाबी बाजूला ठेवल्या तर, दोनच वर्ग पडतात : घाटावरचे आणि घाटाखालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा हे तालुके साधारणपणे पठारावर येतात, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर यांची गणना पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे घाटाखाली, होते. वैशाखात पहिल्या वर्गातील संगणक कुरकुरतो आणि दुसऱ्या वर्गातील संगणक काही न सांगता बंद पडतो. प्रस्तुत मार्गदर्शन मुख्यत्वे दुसऱ्या वर्गाच्या मालकांसाठी असून पहिल्या वर्गाच्या मालकांनी ते खालच्या नातेवाइकांना पाठवण्यापुरते वाचावे.

विषयप्रवेशापूर्वी परिभाषा निश्चित करणे इष्ट ठरते. प्रोसेसर म्हणजे संगणकातील सगळी आकडेमोड करणारी, सुमारे दीड इंच लांबी-रुंदीची चौकोनी चकती. ती जितकी वीज खाते तितकी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने परत करते, आणि घरगुती नमुन्यात हे प्रमाण भर कामात ६५ वॅटच्या आसपास असते. तिच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा जो जुडगा बसवलेला असतो त्यास हीटसिंक म्हणतात, त्यावर पंखा असतो, आणि या साऱ्या संसाराला सामावून घेणारी पत्र्याची पेटी म्हणजे कॅबिनेट. हीटसिंकचा गुण औष्णिक रोधाने मोजतात, म्हणजे दर वॅटमागे प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी अधिक तापतो त्या आकड्याने. हा आकडा जितका लहान तितका हीटसिंक चांगला.

या आकड्यातून निघणारा सिद्धान्त साधा असूनही तो बहुतेक घरांत अमान्य आहे : प्रोसेसरचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक त्याची स्वतःची भर, आणि पंखा कितीही जोरात फिरला तरी तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. औष्णिक रोध दर वॅटला अर्धा अंश धरल्यास ६५ वॅटची भर साडेबत्तीस अंशांची होते. तेव्हा २८ अंशांच्या खोलीत प्रोसेसर साडेसाठ अंशांवर राहतो आणि ४२ अंशांच्या खोलीत साडेचौऱ्याहत्तरांवर चढतो. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वसंरक्षणार्थ आपली गती उतरवतात आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद करतात, त्यामुळे साडेचौऱ्याहत्तर अंशांत घाबरण्याजोगे काही नाही. घाबरण्याजोगे जे आहे ते पुढे कापसाच्या प्रकरणात येईल.

खोलीचे तापमान हेच मूळ ठरल्यावर तर्कशुद्ध उपाय एकच उरतो, तो म्हणजे संगणक राजूर घाटाने वर नेऊन बुलढाण्यात ठेवणे. मलकापूर आणि बुलढाणा यांच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे, आणि कोरड्या उन्हाळी दुपारी दर १०० मीटर चढाईला हवा साधारण एक अंशाने उतरते, त्यामुळे घाट चढल्याबरोबर चार अंशांची निव्वळ प्राप्ती होते. तथापि उंचीवर हवा सुमारे चार टक्के विरळ असते, पंख्याला तितकीच कमी हवा हाती लागते, आणि चार अंशांपैकी एक अंश या दस्तुरीत जातो. उरलेल्या तीन अंशांसाठी संगणक वर आणि त्याचा वापर करणारे कुटुंब खाली अशी व्यवस्था होत असल्याने हा उपाय शास्त्राच्या दृष्टीने निर्दोष असूनही रूढ झालेला नाही.

खोलीचे तापमान कसे जाणावे, याविषयीही एक सावधगिरी सांगणे भाग आहे. घरात तापमापक नसल्यास वर्तमानपत्रातील विदर्भाच्या तक्त्याचा आधार घेण्याची प्रथा आहे. परंतु त्या तक्त्यात ‘बुलढाणा’ या नावापुढे जो आकडा छापलेला असतो तो बुलढाणा शहराचा, म्हणजे घाटावरचा असतो, आणि तो वाचून शेगावच्या गृहस्थाने आपल्या संगणकाविषयी निश्चिंत होणे म्हणजे दुसऱ्याच्या जातकावर स्वतःचे लग्न ठरवणे होय. घाटाखालील वाचकाने अकोल्याचा आकडा घ्यावा आणि घरावर पत्रे असतील तर त्यात स्वतःच्या अनुभवाने भर घालावी.

आता कॅबिनेटच्या स्थानाचा विचार. बहुतेक कॅबिनेटमध्ये हवा पुढून आत येते आणि मागून बाहेर जाते, एवढे ध्यानात घेतले असता संगणकाचे टेबल म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूची रचना कोणत्या हेतूने केली असावी हे गूढ वाटू लागते, कारण त्यात कॅबिनेटसाठी जो कप्पा असतो तो पाठीमागे फळीने बंद आणि दोन्ही बाजूंना बोटभर फट ठेवणारा असतो, आणि मागून निघालेली गरम हवा फळीला थडकून पुन्हा पुढच्या जाळीतून आत जाते. मागची फळी काढून टाकावी. ती सहसा चार चुकांनी ठोकलेली असते. फळीनंतर क्रम येतो कव्हराचा. विणलेल्या, झालर लावलेल्या किंवा जुन्या पडद्यातून बेतलेल्या कव्हराला या मार्गदर्शनाचा विरोध नाही, मात्र ते संगणक चालू असताना घालू नये, आणि बंद केल्यावरही पेटी निवेपर्यंत थांबावे.

खंडेनवमीस आयुधांबरोबर संगणकाचीही पूजा होते, आणि तीत हस्तक्षेप करणे शास्त्राच्या अधिकारात बसत नाही. केवळ इतकेच सुचवावेसे वाटते की ज्या कॅबिनेटच्या माथ्यावर जाळी आहे त्याच्या माथ्यावर हळदकुंकू आणि अक्षता वाहू नयेत, त्या पुढच्या बंद पत्र्याला लावाव्यात. तांदळाचा एक दाणा पंख्याच्या पात्यात आणि चौकटीत अडकला, तर ज्याची पूजा झाली तेच आयुध दसऱ्याच्या आत म्यान होते. उदबत्ती पुढच्या जाळीसमोर लावणे हेही टाळावे, कारण पंखा धूर इमानेइतबारे आत ओढतो आणि त्यातील चिकट अंश पात्यांवर बसून पुढे येणाऱ्या धुळीला आसन देतो.

धुळीहूनही गंभीर विषय कापसाचा आहे. या जिल्ह्याचा आणि कापसाचा संबंध इतका जुना आहे की जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा १८७० मध्येच सुरू झाला तो खामगावच्या कापूस बाजारासाठी. आजही वेचणी संपल्यावर भाव मनासारखा नसेल तर कापूस बाजारात जात नाही, तो घरात राहतो. आधी कोपऱ्यात, मग भिंतीला लागून, मग आढ्यापर्यंत, आणि माणसे अंग खाजवत उरलेल्या जागेत वावरतात. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला संगणक बहुधा त्याच पुढच्या खोलीत असतो. माणसाला भाववाढीची वाट पाहता येते; पंख्याला तशी सोय नसल्याने तो खोलीतील हवा मिनिटामागून मिनिट आत घेत राहतो आणि हवेबरोबर तंतूही घेतो. धुळीचा कण पात्यांमधून निसटून जाऊ शकतो, पण कापसाचा तंतू लांब असल्याने दोन पात्यांवर आडवा पडतो, त्याच्या आधाराने दुसरा पडतो, आणि मग धूळ त्या जाळ्यात मुक्कामाला येते.

हा थर वरून दिसत नाही, कारण तो पंख्याच्या खाली आणि हीटसिंकच्या वर, नजर पोचत नाही नेमक्या त्या जागी जमतो. पंखा सोडवून उचलला की राखी रंगाची, नमद्यासारखी घट्ट चकती दिसते; पंख्याच्या मध्यभागी मोटार असल्याने तेथून वारा येत नाही, म्हणून चकतीच्या मध्यावर पातळ गोल आणि कडेने जाडी असते, आणि चिमटीत धरून ओढल्यास ती बहुधा एकसंध निघते. उष्णता अडवण्याचा कापसाचा गुण जगाने गोधडीसाठी वापरला, तो येथे प्रोसेसरसाठी आपोआप वापरला जातो. या थराने औष्णिक रोध दुप्पट झाला असे धरल्यास भर साडेबत्तीसऐवजी ६५ अंशांची होते, आणि ४२ अंशांच्या खोलीत प्रोसेसरला १०७ अंश गाठणे प्राप्त होते. ते त्याला मान्य नसल्याने तो त्यापूर्वीच काम सोडतो. घाट चढून मिळणारे तीन अंश आणि चिमटीने ओढून मिळणारे हे बत्तीस अंश यांची तुलना वाचकाने स्वतः करावी.

सफाईचा मुहूर्त वर्षातून दोनदा, कापूस घराबाहेर गेल्यावर आणि कूलर लागण्यापूर्वी एकदा, व दिवाळीच्या साफसफाईत एकदा, असा धरावा. वायर काढून पेटी अंगणात न्यावी; आतील भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा, कारण कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिर वीज नाजूक भागांना मारक ठरू शकते. दुकानात नेल्यास ‘ब्लोअर मारून’ मिळतो, परंतु ब्लोअर कोणीही मारो, पंख्याचे पाते बोटाने किंवा पेन्सिलीने अडवून धरावे; वाऱ्याच्या झोताने पंखा आपल्या मर्यादेपलीकडे गरगरतो, ते दृश्य मुलांना आवडते आणि बेअरिंगला मानवत नाही. ओल्या फडक्याचा येथे काही अधिकार नाही.

हीटसिंक उचलला गेल्यास त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट पुसून नवी लावावी लागते. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खळगे असतात, त्यांत हवा असते आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पेस्टचे काम फक्त ती हवा हुसकावणे एवढेच असल्याने मटाराच्या दाण्याइतकी पुरते. टूथपेस्टनेही हे काम होते, पण तिच्यातील पाणी उडून जाईपर्यंतच. धातूंमध्ये उष्णता सर्वांत चांगली वाहून नेते ती चांदी, आणि चांदीसाठी खामगाव सर्वदूर ख्यात असल्याने चांदीचा हीटसिंक घडवून घेण्याची कल्पना जिल्ह्यात सुचणे स्वाभाविक आहे. उष्णतावहनाचा आकडा चांदीचा सुमारे ४२९ तर तांब्याचा सुमारे ४०० असल्याने लाभ सात टक्क्यांचा; मात्र अर्धा किलो चांदी पोटात असलेला संगणक टेबलावर कोणी ठेवत नाही, तो कपाटात कुलूपबंद होतो, आणि कपाटात वारा नसतो.

राहिला कूलर. कोरड्या उन्हाळ्यात ओल्या गवतातून जाणारी ४३ अंशांची हवा पाण्याच्या बाष्पीभवनाने २८-३० अंशांपर्यंत उतरते, आणि वर दिलेल्या सिद्धान्तानुसार खोली जितकी उतरते तितकाच प्रोसेसर उतरतो. म्हणून संगणकाची जागा माणसे बसतात त्याच खोलीत असावी, देवघरात किंवा माळ्यावर नसावी. परंतु कूलरचे तोंड थेट कॅबिनेटकडे वळवण्याचा जिव्हाळा आवरावा. घाटाखालचा बराच प्रदेश खारपाणपट्ट्यात येतो. तेथील बोअरच्या पाण्याने कूलरच्या गवतावर एका हंगामात जे पांढरे पापुद्रे चढतात तेच क्षार झोतातील तुषारांबरोबर मदरबोर्डवर उतरतात, तेथे ओल धरतात आणि तांब्याच्या बारीक रेषा कुरतडतात. पावसाळ्यात हवेतच दमटपणा असल्याने कूलर थंडावा न देता केवळ ओलावा देतो. भारनियमनात कूलर प्रथम बंद पडतो आणि यूपीएसवरचा संगणक तेवढा चालू राहतो, ती वेळ काम साठवून संगणक बंद करण्याची आहे, खेळाचा डाव पुरा करण्याची नाही.

कॅबिनेटचे बाजूचे झाकण कायमचे काढून समोर टेबलफॅन लावण्याचा एक पंथ घाटाखाली प्रबळ आहे. त्याने तापमान काही अंशांनी खरोखरच उतरते, हे पंथाच्या विरोधकांनी मान्य करावे. पण तंतूंना थेट प्रवेश मिळतो आणि थंडीच्या दिवसांत ऊब शोधणारी पाल पॉवर सप्लायच्या आसपास बिऱ्हाड करते. झाकण लावलेलेच बरे. त्याला मागच्या कडेला दोन स्क्रू असतात आणि सफाईनंतर त्यांपैकी एकच सापडतो. तो वरच्या भोकात बसवावा, कारण खालच्या भोकात बसवल्यास झाकणाची वरची कड सुटी राहून पंख्याच्या तालावर वाजत राहते.