काही कमी पडू दिलं नाही

"बाई, चुकलंच आमचं. आम्ही त्याला काही कमी पडू दिलं नाही."

समोर बसलेली ही आई एके काळी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. गृहपाठ केला नाही हेसुद्धा तिने कधी इतक्या पश्चात्तापाने सांगितलं नव्हतं. मुलगा बारावीत. त्याला अमेरिकेतल्या कॉलेजांत अर्ज करायचा होता आणि त्या अर्जात एक निबंध होता. सात विषय, त्यांतला एक निवडायचा. एका विषयात विचारलं होतं, तुझ्यावर एखादं संकट आलं, तू कशात तरी अपयशी ठरलास, तर ते सांग आणि त्यातून काय शिकलास तेही सांग. तेव्हापासून घरात संकटाची शोधाशोध चालली होती. वडिलांची नोकरी एकदा गेली होती, पण दीड महिन्यात दुसरी मिळाली, तीही जास्त पगाराची. पाचवीत मुलाचा हात मोडला होता, पण डावा.

"लहानपणी त्याला मराठी शाळेत घातलं असतं तर?" तिने विचारलं. मी त्याच शाळेत 34 वर्षं मराठी आणि इंग्रजी शिकवलं आहे, हे ती बहुधा विसरली असावी.

निवृत्तीनंतर या निबंधांचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं, ते सांगण्यात अर्थ नाही. सोसायटीत एकीचं केलं, की दुसरी दार वाजवते. दर वर्षी जूनपासून तीन-चार मुलं शनिवारी येतात, पोहे खातात आणि लॅपटॉप उघडून स्वतःबद्दल काय लिहावं या विचारात पंख्याकडे बघत बसतात. या अर्जाला कॉमन अ‍ॅप म्हणतात. 1975 साली 15 कॉलेजांनी मिळून तो सुरू केला. आता हजारावर कॉलेजं तो घेतात. निबंध कमीत कमी 250 शब्दांचा आणि जास्तीत जास्त 650 शब्दांचा. ही मर्यादा 'सुमारे' नाही. 651वा शब्द अर्जाची खिडकी आत घेतच नाही. पुरवणीला दोरा बांधून मिळण्याच्या काळातली मी. मला हा कडकपणा मनापासून आवडतो.

पण मुलांचा घोटाळा शब्दसंख्येपाशी होत नाही, 'मी'पाशी होतो. आणि त्यात माझ्यासारख्या शिक्षकांचा हात आहे, हे कबूल केलेलं बरं. आम्ही मुलांकडून फाटक्या पुस्तकाचं मनोगत लिहून घेतलं. नदीचं, छत्रीचं, ओसाड किल्ल्याचं आत्मवृत्त लिहून घेतलं. मनोगत नव्हतं ते फक्त मुलांना. 'मी पाहिलेला अपघात' हा विषय दिला, की चाळीस जणांनी तोच ट्रक, तोच सायकलवाला आणि तीच बघ्यांची गर्दी पाहिलेली असे. मी सगळ्यांना दहापैकी सहा देत असे. शुद्धलेखन बरं असेल तर साडेसहा.

शिवाय आपल्या हाडांत समर्थ आहेत. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातल्या पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं सांगितली आहेत. आपणच आपली स्तुती करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणारा, हे दोघंही त्यांत येतात. हे ऐकत वाढलेल्या मुलाला सतराव्या वर्षी सांगायचं, की बाळा, तू कोण आहेस ते 650 शब्दांत सांग आणि सांगताना लाजू नकोस. आपल्याकडची सीईटी त्या मानाने सभ्य. ती पर्सेंटाइल विचारते आणि गप्प बसते.

ही 'तू कोण आहेस'ची चौकशी तिथेही नेहमी निर्मळ मनाने झालेली नाही. हार्वर्डने 1922 साली अर्जात विचारायला सुरुवात केली, की जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का. परीक्षेत पुढे येणारी ज्यू मुलं त्यांना जास्त वाटू लागली होती, आणि नाव बदलून आलेला ज्यू मुलगाही ओळखू यावा म्हणून हा प्रश्न. गुणांबरोबर 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' पाहण्याची टूमही त्याच सुमाराची. हे जेरोम कॅराबेल यांच्या पुस्तकात वाचलं आणि मला आपले फॉर्म आठवले. आपल्याकडे वडील मधल्या रकान्यात कायमचेच बसलेले असतात; त्यांना वेगळं शोधावं लागत नाही. आता तो प्रश्न गेला आणि निबंध राहिला. म्हणून मी मुलांना सांगते, समोरचा वाचणारा देव नाही. त्याच्यापुढे गठ्ठा आहे आणि त्याचा चहा गार होतो आहे. उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईला हे कळतं.

मला कळत नव्हतं ते दुसरंच. पहिल्याच वर्षी एका मुलीचा निबंध माझ्याकडे आला. इंग्रजी ठीक, मजकूर ठीक. मी लाल पेन घेतलं. पहिलं वाक्य हलवलं, दुसरं कापलं, तिसऱ्याला एक चांगली उपमा दिली. रात्री एक वाजता निबंध असा झळाळून उठला, की मला माझाच अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी मुलीने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "छान आहे, आजी. पण ही मुलगी कोण?"

खरंच, कोण होती ती? साठी ओलांडलेली, मोगऱ्याच्या वासाने हळवी होणारी, अर्धविराम योग्य जागी देणारी. एका सतरा वर्षांच्या मुलीच्या नावाने मीच अमेरिकेला निघाले होते. हल्ली मुलं यंत्राकडून लिहून घेतात, आणि कॉमन अ‍ॅपच्या नियमात ती फसवणूक आहे. निवृत्त बाईंकडून लिहून घेतलेलंही त्याच कलमात बसतं. तेव्हापासून शनिवारी लाल पेन देव्हाऱ्याच्या खणात ठेवते आणि विणकाम हातात घेते. हात गुंतलेले असले, की तोंडही जरा कमी चालतं.

तर संकटाविना वाढलेला हा मुलगा. त्याचा पहिला खर्डा रोबोटिक्सच्या स्पर्धेचा. ऐन वेळी मोटार बिघडली, सगळे घाबरले, त्याने धीर सोडला नाही, गटाला दुसरा क्रमांक मिळाला. तोच ट्रक, तोच सायकलवाला. मी काही बोलले नाही. दुसरा खर्डा अनाथाश्रमात वाटलेल्या वह्यांचा; तो वाचताना त्यालाच जांभई आली. मग शिकागो विद्यापीठाकडे मोर्चा वळवला. तिथले विषय तिरपागडे म्हणून प्रसिद्ध. विषम संख्यांमध्ये एवढं विषम काय आहे, असा प्रश्न त्यांनी एका वर्षी खरोखर विचारला होता. इंग्रजीत विषम आणि विचित्र या दोन्हींना एकच शब्द आहे, त्यातली ही गंमत. मराठीत आणली की निम्मी गळते. एवढं समजावून होईपर्यंत सात वाजून गेले. मुलाने लॅपटॉप मिटला.

"निघतो आजी. साडेसातला आजोबांना भाव वाचून दाखवायचे असतात."

"कसले भाव?"

"कांद्याचे. लासलगावचे."

माझ्या सुया थांबल्या. आजोबा निफाड तालुक्यातले. जमीन विकून मुलाकडे पुण्याला येऊन अकरा वर्षं झाली. नजर अधू झाली तेव्हापासून हा नातू रोज संध्याकाळी मोबाईलवर लासलगाव बाजार समितीचे भाव काढतो आणि वाचतो. किमान, कमाल, सर्वसाधारण. उन्हाळ कांदा वेगळा, लाल कांदा वेगळा. आजोबा मनातल्या मनात हिशेब करतात आणि निकाल देतात, "आज ट्रॅक्टर नेला असता तर डिझेलपण सुटलं नसतं." भाव चढला की त्याहून वाईट, मग जमीन विकल्याची रात्र पुन्हा सुरू होते. दिवाळीत लिलाव बंद असतात, तेव्हा ते घरभर फिरतात आणि कुणावरही चिडतात.

"मग तू काय करतोस?"

"एकदा मी भाव वाढवून सांगितला. त्यांना बरं वाटावं म्हणून, दोनशेने. ते म्हणाले, आवक किती? मी म्हटलं, खूप. ते म्हणाले, आवक खूप आणि भावपण वर? खोटं बोलायचं तर नीट शिक."

साडेसात वाजून गेले होते. तो उठला, पण दाराशी जाऊन पाच मिनिटं बोलतच राहिला. मला जन्मात पहिल्यांदा कांद्याची चाळ कशी बांधतात ते कळलं. मी एवढंच म्हटलं, "हे असंच लिही. आणि 'त्यातून मी शिकलो' हे कुठेही लिहू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. "बाई, कांदा? तिकडे कांदा वाचणार कोण? आणि रोबोटिक्सचं काय?" तिचं चुकत नव्हतं, त्या रोबोटिक्सच्या क्लासला बराच पैसा गेला होता. शिवाय घरात आजोबांचं हे भाव ऐकणं म्हणजे एक खूळ म्हणून सोसलं जात होतं, पाहुण्यांसमोर झाकलं जात होतं. ते एकदम परदेशी निघालं. मी तिला म्हटलं, तू दहावीला 'मी पाहिलेला अपघात' लिहिला होतास, आठवतं? तिला आठवेना. मलाही आठवत नव्हता.

2024 साली लक्ष्मीपूजन आणि अर्जाची पहिली मुदत दोन्ही 1 नोव्हेंबरला आली. चोपडीपूजन करतात तसं त्या घरात लॅपटॉपला हळदकुंकू लागलं. निबंध 648 शब्दांचा झाला होता. उरलेल्या दोन शब्दांत रोबोटिक्सचा उल्लेख बसवता येईल का, असं आईने शेवटपर्यंत विचारून पाहिलं. मुलाने ऐकलं नाही. डिसेंबरात त्या पहिल्या कॉलेजाकडून नकार आला. मार्चमध्ये दुसऱ्या एका कॉलेजाने घेतलं. ते कांद्यामुळे की गणितातल्या गुणांमुळे, हे कॉलेजं कळवत नाहीत.

ऑगस्टमध्ये तो गेला. साडेसातला भाव वाचायला आता मी जाते. आजोबांची तक्रार आहे, की बाई भरभर वाचतात आणि आवक सांगायची विसरतात.