भगुनं किती मोठं असावं?

जालना १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. आज त्यात आठ तालुके आहेत, आणि शेतातल्या पार्टीला केवढं भगुनं न्यावं याचं धोरण त्यांपैकी एकाही तालुक्यात ठरलेलं नाही. इथं बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती टक्क्यांत छापतात, सळई मिलिमीटरमध्ये मोजून विकतात. भगुन्यावर मात्र कोणाच्या लग्नात कोणी दिलं एवढंच कोरलेलं असतं. लिटरचा पत्ता नाही. म्हणून हे मार्गदर्शन.

आधी माणसं मोजावीत. ही पायरी निरुपयोगी आहे, तरी वगळू नये. समजा, बोलावलेली माणसं २०. हाडासकट मटण पाच किलो, रस्सा माणशी अर्धा लिटर म्हणजे दहा लिटर. उकळी आली की तर्री आधी चुलीच्या पदरात पडू नये म्हणून वरचा पाव भाग रिकामा. एकूण २० लिटर. ३६ सेंटिमीटर तोंडाचं आणि २० सेंटिमीटर खोल भगुनं एवढ्याला पुरतं. पट्टी नसेल तर पिण्याच्या पाण्याचा जार त्यात ओतून बघावा. बरोबर मावला तर भगुनं पास.

गणित इथं संपतं आणि पाव्हणे सुरू होतात. शेजारच्या वावरात मोटर चालू करायला आलेला माणूस धूर बघून अचूक ओळखतो की ही चहाची चूल नव्हे. त्यातून लाईट आलेली नसली, तर त्याच्याकडे वेळच वेळ असतो. ‘जेवायचं न्हाई, बसतो नुस्ता’ असं म्हणणाऱ्याला दोन माणसं धरावं. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ असेल तर मोजणी सोडूनच द्यावी, कारण अर्धे फोन यजमानानंच फिरवलेले असतात.

अशा वेळी सरळ मोठं भगुनं उचलायचा मोह होतो. तो आवरावा. तोंड आणि खोली दोन्ही दीडपट केली की आत दीडपट नाही, सव्वातीनपटीहून जास्त मावतं. २० लिटरच्या जागी साडेसदुसष्ट! तेच पाच किलो मटण एवढ्या मोठ्या बुडावर पसरलं की मसाला कडेनं करपतो, मटण बुडेपर्यंत पाणी ओतावं लागतं, आणि पंगतीत वाढप्या पळीनं खडे शोधत बसतो. मंदिराच्या भंडाऱ्याचं भगुनं फुकट मिळतंय म्हणून घरच्या पार्टीला आणणाऱ्यांची आमटी आम्ही प्यालो आहोत. मटणाची आमटी असं तिचं नाव होतं.

वाढलेल्या पाव्हण्यांवरचा खरा इलाज येसर. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाला दळून केलेलं हे पीठ कढत पाण्यात कालवून रश्श्यात सोडलं की रस्सा वाढतो आणि दाटपणा राहतो. मघाशी जो पाव भाग रिकामा ठेवायला लावला, तो उकळीच्या नावावर असला तरी ताबा या मंडळींचा आहे.

आता धातू. जर्मनचं भगुनं हलकं, मोटारसायकलवर मागच्याच्या मांडीत बसतं, पण बूड पातळ असलं तर पऱ्हाट्यांच्या भडक्यावर लगेच लागतं. तांब्याची डेग न्यायची तर आतली कल्हई उजेडात धरून बघावी. ती गेली असेल तर त्यात चिंच-टोमॅटो शिजवू नये, ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. विलायतेत यासाठी बिडाचं जाडजूड भांडं वापरतात, झाकणावर निखारे ठेवून. वाळूच्या साच्यात अशी भांडी ओतण्याचं पेटंट अब्राहम डार्बी या इंग्रजानं १७०७ साली घेतलं. झाकणावर निखारे आपणही ठेवतो, फक्त पेटंट घ्यायचं राहिलं. मात्र २० लिटरचं बिडाचं भांडं शेतात न्यायला ट्रॅक्टर लागेल, आणि ट्रॅक्टर गावातून निघाला की माणसं पुन्हा मोजावी लागतील.

चूल तीन दगडांची. भगुन्याचं बूड दगडांच्या बाहेर चार बोटांहून जास्त आलं तर ढवळताना ते कलतं, आणि कललं की दगड कोणी मांडले यावर वाद होतो. पऱ्हाट्या चूल पेटवण्यापुरत्या, पुढं बाभळीचं लाकूड. चढवण्याआधी बाहेरून मातीचा लेप द्यावा. काजळी लेपावरच बसते आणि उसनं भगुनं परत देताना तोंड दाखवता येतं. मोसंबीच्या बागेत जागा करायची असेल तर ठिबकची नळी आधी बाजूला ओढावी. रश्श्याच्या नादात वितळलेल्या नळीचा खर्च वर्गणीत धरत नाहीत.

राहिलं दुसरं भगुनं. प्रत्येक पार्टीत चार माळकरी असतात, त्यांच्यासाठी वांग्याची भाजी वेगळ्या चुलीवर. इथं सगळे चुकतात: चार माणसं म्हणून दोन लिटरची डेचकी आणतात. दाजींनी तिसरी भाकरी कुस्करली की मटणाचा रस्सा संपतो, आणि मग सगळ्या पंगतीला वांग्याचा वास येऊ लागतो. तेव्हा हे भगुनं आठ लिटरचं घ्यावं, त्याची पळी वेगळी असावी, आणि ती पळी मटणवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून एक माणूस नेमावा. तो माळकरीच पाहिजे असं नाही. त्याचं जेवण झालेलं असलं म्हणजे पुरे.