बोट लागली, भूक लागली

क्रूझच्या तिकिटात चारी वेळचं जेवण धरलेलं असतं आणि भांडणाचं मूळ तिथेच असतं. बोट कुठल्याही बंदराला लागो, "आत फुकट मिळतंय, मग बाहेर कशाला?" हा सवाल मराठी कुटुंबात कोणीतरी टाकतोच. आमच्यात तो काकांनी टाकला. मुंबईहून निघालेली बोट कोचीच्या विलिंग्डन बेटाला लागत होती. रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनिअरने बंदर खोल करताना जो गाळ उपसला, त्यातून या बेटाचा बराचसा भाग तयार झाला, ही माहिती मेहुण्यांनी मोबाइलवरून वाचून दाखवली. तिसरा डोसा संपवत काका म्हणाले, "म्हणजे पैसे भरलेलं जेवण सोडून गाळात उतरायचं."

आत्याची अडचण वेगळी होती. गुरुवार होता.

तरी उतरलो. गळ्यात बोटीची ओळखपत्रं लटकत होती, म्हणजे आमच्याकडे पैसे आहेत आणि वेळ नाही, हे धक्क्यावरच्या प्रत्येक रिक्षावाल्याला लांबूनच वाचता येत होतं. एकाने भाडं इतकं कमी सांगितलं की मेहुण्यांना घासाघीस करायला जागाच उरली नाही. ते हिरमुसले. कमी भाड्याचा खुलासा मट्टनचेरीत झाला. मसाल्याचं दुकान, लाकडी हत्तींचं दुकान, साड्यांचं दुकान. आम्ही आत गेलो की दुकानदार आमच्या आधी रिक्षावाल्याकडे बघून हसायचा.

जेवायचं कुठे, याला त्याचं उत्तर तयार होतं, "फोर्ट कोची. नंबर वन."

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चिनी जाळी आहेत. लांब वाशांना बांधलेलं जाळं खाडीच्या तोंडाशी पाण्यात सोडतात. दुसऱ्या टोकाला दोरांवर दगड लोंबकळत असतात. चार-पाच जणांनी दोर ओढले की दगड खाली येतात आणि जाळं वर. आमच्यासमोर एक जाळं वर आलं. त्यात मूठभर चंदेरी मासळी, एक खेकडा आणि पाण्याची एक प्लास्टिकची बाटली निघाली. शेजारच्या ठेल्यांवर मात्र हातभर लांबीच्या सुरमया, वाघकोळंबी आणि शेवंडं मांडली होती. मासा इथे घ्या, समोर शिजवून देतो, असा तो बेत. आता ही सुरमई त्या जाळ्यात कशी मावली, असं कोणी विचारत नाही. काकांनी मात्र मुंबईतल्या सिटीलाइटच्या मासळी बाजारात उभी हयात घालवलेली. त्यांनी थेट सुरमईचा कल्ला उचकटला. आतला रंग तपकिरी. "हिचा प्रवास आपल्यापेक्षा लांबचा झालाय," असं म्हणून त्यांनी कल्ला मिटला. विक्रेत्याला मराठी कळत नव्हतं, पण तोंड फिरवण्याइतकं कळलं.

मग टेबलावर पांढरं कापड घातलेलं हॉटेल. मेन्यूत प्रत्येक पदार्थाचा फोटो, आणि माशांच्या शेजारी पास्तासुद्धा. मेहुण्यांनी करिमीन पोळ्ळिचदवर बोट ठेवलं. करिमीन म्हणजे आपली काळुंदर. 2010 पासून ती केरळचा राज्यमासा आहे. मसाला लावून, केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजतात.

"केवढ्याला?"

"आकारानुसार."

"आकार केवढा?"

वेटरने पंजा दाखवला.

"मग त्याचे किती?"

"आकारानुसार."

आम्ही उठलो. एक वाजून गेला होता. रिक्षात बसता बसता आत्याने ड्रायव्हरला सहज विचारलं, "भैया, आपने खाना खाया?" सकाळपासून प्रत्येक प्रश्नाला 'नंबर वन' म्हणणारा तो माणूस गप्प झाला. मान हलवून म्हणाला, "नो." रोज कुठे जेवता, हे विचारल्यावर म्हणाला, "नॉट फॉर टूरिस्ट, चेची." चेची म्हणजे ताई. इतका वेळ ती मॅडम होती.

काका म्हणाले, "चला!"

तोप्पुंपडीला मच्छीमार बंदराच्या बाजूला एक बुटकी खानावळ. पाटी फक्त मल्याळममध्ये, भाव फळ्यावर खडूने. आधी गुलाबी रंगाचं कोमट पाणी आलं. भाच्याने ते कोकम सरबत समजून साखर मागितली. पतिमुखम नावाच्या लाकडाचा तुकडा घालून उकळलेलं ते साधं पिण्याचं पाणी होतं. मग लाल, जाड दाण्याचा भात, तोरण म्हणजे खोबरं घालून परतलेली भाजी, पापड आणि तव्यावरून थेट पानात आलेले अयला आणि मथी, म्हणजे बांगडे आणि तारल्या. करिमीनही होतं, तळलेलं, आणि फळ्यावर किंमत लिहिलेलं. काट्यांमुळे मेहुण्यांचं बोलणं पूर्ण थांबलं. रश्शाला कुडंपुळीची आंबट चव होती. धुरावर वाळवलेलं हे काळं फळ कोकमाचं जवळचं नातेवाईक. काकांनी रस्सा ओरपून निकाल दिला, "त्रिफळं नाहीत, पण हेतू चांगला आहे."

आत्याने फक्त भात आणि सांबार सांगितलं होतं. वाढपी पोरगा बादली घेऊन आला आणि तिचा हात आडवा येण्याआधीच भातावर माशाच्या रश्शाचा डाव ओतून पुढे गेला. पंगतीत शांतता पसरली.

"गुरुवार आहे," काकांनी आठवण करून दिली.

"अन्न टाकायचं नसतं," आत्या म्हणाली आणि कालवायला लागली. दुसऱ्या वेळेला रस्सा तिने हाक मारून मागितला.

बिल काकांनी दोनदा वाचलं. काहीतरी लावायचं राहून गेलंय, अशी त्यांची खात्रीच होती.

तेव्हा कोचीला उतरलात तर 'चांगलं हॉटेल कुठे आहे' असं रिक्षावाल्याला विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं आणि त्यात त्याचा वाटा असतो. एक वाजू द्या, तो जेवलाय का विचारा आणि त्याच्या मागोमाग जा. फळ्यावर मथी आणि अयला दिसले तर बसा. ही गोरगरिबांची मासळी, रोज येते आणि रोज संपते. तिला शिळं व्हायला सवड मिळत नाही. फक्त घड्याळावर नजर ठेवा. बोट कुणाच्या दुसऱ्या वाढपासाठी थांबत नाही.