मसाल्याच्या दुकानाची वेबसाइट : नवशिक्यांसाठी जावास्क्रिप्ट

ब्रेंडन आइक यांनी १९९५च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत ही भाषा उभी केली. तुमच्या हाताशी शनिवार-रविवार आहे. पुरे.

आधी धडधाकट मेन्यू काढून टाका. ‘मसाले, दर, पत्ता, फोन’ असं सगळं उघड्यावर असलं तर गिऱ्हाईक थेट हवं तिथे पोचतं, मग आपल्या कोडला काम काय? त्याऐवजी कोपऱ्यात तीन आडव्या रेघा ओढा. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढलं होतं. तो १९८१ साली आला. इतक्या वर्षांत सगळ्यांना ते कळलंच असणार. रेघांसाठी ‘बटन’ वापरू नका, साधा ‘डिव्ह’ घ्या. टॅब दाबत येणाऱ्याला तो सापडत नाही, पण दिसतो छान.

आता क्लिक मोजू. क्लिक म्हणजे वाड्यातली कुजबुज. माजघरात झाली की ओटीवर येते, तिथून अंगणात, शेवटी दिंडीदरवाजात. जाणकार माणूस दरवाजात एकच ‘इव्हेंट लिसनर’ बसवतो आणि आतलं सगळं ऐकतो. तुम्ही मात्र माजघर, ओटी, अंगण, दरवाजा, प्रत्येक ठिकाणी एकेक बसवा. एका क्लिकचे चार होतात आणि दुकानाचे मालक, म्हणजे आमचे मामा, पेढे वाटतात. (हे मी केलं आहे. पेढे चांगले होते.)

लिंक दाबून कुणी दुसऱ्या पानावर निघालं, तर ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ने त्याला उंबऱ्यात अडवा, सर्व्हरकडे नोंद पोचेपर्यंत. चपला घातलेल्या पाहुण्याला ‘थांबा, वहीत नाव लिहितो’ म्हणावं, तसं. ‘सेंड बीकन’ ही सोय नोंद मागच्या मागे पाठवते, जाणाऱ्याला थांबावं लागत नाही. पण मग आपण मोजतोय हे त्याला कळणार कसं?

आठवड्याने अहवाल काढा. त्यातली स्वतःची चाचणीची क्लिक्स वजा करायला विसरा.

आमच्या अहवालात पहिला नंबर लागला तो फोन नंबराचा. एकाच माणसाने त्यावर लागोपाठ नऊदा टिचकी मारली होती. तो नंबर म्हणजे दुकानाच्या पाटीचा फोटो होता. दाबल्यावर फोन लागावा यासाठी एचटीएमएलची एक ओळ पुरते. तिला जावास्क्रिप्ट लागत नाही, म्हणून तो भाग इथे घेतलेला नाही.