शेवटचा बदल नको, शेवटची तपासणी सांगा

विकिपीडियाचा लेख असो की एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका, अनेकांनी मिळून लिहिलेल्या पानाखाली बहुतेकदा ‘शेवटचा बदल’ म्हणून एक तारीख असते. तिच्यावर विसंबू नका. कुणी एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला तरी ती तारीख ताजी होते, आत मजकूर मात्र पाच वर्षांपूर्वीचाच असतो.

अलिबागजवळच्या मांडव्याचं घ्या. ‘मुंबई-मांडवा जलवाहतूक पावसाळ्यात बंद’ असं २०१९ साली कुणी लिहिलं असेल तर ते बरोबरच होतं. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली. गाड्या पोटात घेऊन ती तासाभरात मांडव्याला लागते आणि समुद्र फार खवळलेला नसेल तर पावसाळ्यातही चालते. गेटवे ऑफ इंडियाहून सुटणाऱ्या बोटी मात्र पावसाळ्यात अजूनही बंदच असतात. म्हणजे ते जुनं वाक्य धड खोटंही नाही आणि धड खरंही नाही. साफ चुकलेलं पान वाचकाला लगेच कळतं. हे अर्धवट खरं पान त्याला जुलै महिन्यात गाडी घेऊन रस्त्याने वडखळच्या वाहतूककोंडीत धाडतं.

सॉफ्टवेअरमध्ये याची किंमत नवशिक्या मोजतो. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या पायथॉन २ या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली. तरी त्या काळातले धडे अजून फिरताहेत. त्यातली प्रिंटची ओळ कंसाशिवाय लिहिलेली असते, पायथॉन ३ ती घेत नाही, आणि समोर बसलेल्या मुलीला वाटतं की आपलंच डोकं चालत नाही. पान शिळं आणि कमीपणा तिच्या वाट्याला, याचा मला खरोखर राग येतो.

म्हणून जुनी पानं पुसायची का? मुळीच नाही. एखाद्या शाळेच्या संगणकावर जुनीच आवृत्ती चालू असते, तिथे तेच पान लागतं. पायथॉन आणि तिच्यावर आधारलेली वेब-चौकट जँगो या दोन्ही प्रकल्पांनी जुनी पानं ठेवली आहेत आणि त्यांच्या माथ्यावर ठळक पट्टी लावली आहे. जँगोची पट्टी तर ही आवृत्ती आता असुरक्षित आहे, असं स्पष्ट बजावते.

नव्याकडे जाताना जुन्याचं काय करायचं, हे अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवलंय. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, म्हणून ती अलिबागला हलवायचं ठरलं. कुलाब्याला १८४१ पासूनच्या नोंदी होत्या. १९०४ मध्ये अलिबागचं काम सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो ते त्यातून कळलं आणि नोंदींची मालिका तुटली नाही. इतका धीर आज किती प्रकल्पांना असतो? नवं संकेतस्थळ आलं की जुने दुवे त्याच रात्री मेलेले असतात.

चुंबकीय उत्तर दिशा सतत सरकते, त्यामुळे या शास्त्रात तारखेशिवाय आकड्याला अर्थच नसतो. खलाशांच्या नकाशावर होकायंत्राच्या चक्रातच वर्ष आणि दरवर्षीचा फरक छापतात. फोनमधलं होकायंत्र ज्या जागतिक चुंबकीय मॉडेलवर चालतं, त्याला पाच वर्षांची मुदत असते. चुंबकीय उत्तर ध्रुव अंदाजापेक्षा वेगाने सरकला तेव्हा फेब्रुवारी २०१९ मध्ये ते मुदतीआधीच बदललं.

स्वयंसेवकांच्या पानांनाही तशी मुदत हवी. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात ‘तपासल्याची तारीख’ बदलाच्या तारखेपासून वेगळी नोंदवता येते. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप तर त्या जागी उभ्या असलेल्या माणसालाच विचारतं, की हे अजून इथे आहे का? श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांबद्दल, ३ जून २०२० ला त्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाआधी जे लिहिलं गेलं, त्या प्रत्येक ओळीला आज हाच प्रश्न विचारायला हवा.

स्वयंसेवकांना वेळ नसतो, हे मान्य. पान नव्याने लिहायला अख्खी संध्याकाळ जाते. पण ‘हे जुनं झालंय’ अशी खूण करायला दोन मिनिटं पुरतात. अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी ही खूण करणाऱ्यालाच ‘मग तूच दुरुस्त कर’ असं सुनावतात. बरोबर उत्तर ठाऊक असतं तर तो त्या पानावर आला कशाला असता? पान चुकलंय हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं. तेव्हा प्रत्येक पानावर, खातं न उघडता भरता येईल अशी एक जागा ठेवा: अमुक तारखेला, अमुक आवृत्तीवर करून पाहिलं, चाललं नाही.